यादीतली पहिली ओळ

आमच्या मच्छीमार सोसायटीचा जुना प्रोग्राम कुठे न्यायचा आणि कसा न्यायचा, यावर अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मी पुस्तकं वाचतो म्हणून. वाचणाऱ्याला लिहिता येतं आणि लिहिणाऱ्याला कॉम्प्युटर कळतो, अशी आमच्या संचालक मंडळाची जुनी समजूत आहे. मी तिथे एकतीस वर्षं कारकून होतो. एवढ्या वर्षांत ती समजूत दूर करायची संधी मला मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही.

प्रोग्राम लिहिला होता इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एका सरांनी, एका मे महिन्याच्या सुट्टीत, आंबे आणि चहा यांच्या मोबदल्यात. काम साधं होतं. बोट समुद्रात निघाली की तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, खिडकीवर येऊन बर्फाचं आणि डिझेलचं टोकन घेई. टोकन दिलं की पडद्यावर ‘गेली’ अशी नोंद व्हायची. परत येऊन मासळी उतरली की ‘आली’. रोज संध्याकाळी बाहेर असलेल्या बोटींची यादी कर्कश आवाज करणाऱ्या प्रिंटरवर छापायची आणि जेटीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर लावायची. वादळाचा इशारा आला की कुणाला शोधायचं, कुणाला फोन लावायचा, ते ती यादी सांगे. बाकी त्या प्रोग्रामला काही येत नव्हतं, आणि येतं असा आवही तो आणत नव्हता. कार्यालयात हा गुण दुर्मीळ होता.

गेली आणि आली. तिसरा पर्याय त्यात नव्हता. सरांनी तो ठेवला होता. पहिल्यांदा प्रोग्राम दाखवला तेव्हा पडद्यावर तिसरी ओळ होती: ‘परत आली नाही’. तेव्हाचे अध्यक्ष हयात समुद्रावर घालवलेले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचली आणि म्हणाले, “मास्तर, ही काढा.”

सर म्हणाले, “अहो, पण वेळ काय सांगून येते?”

“म्हणूनच. यंत्राला असलं काही शिकवू नका. शिकवलं की ते वापरणार.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो. आमच्याकडे दिवा विझत नाही, शांत होतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही तिला कॉम्प्युटरमध्ये जागा कशी मिळणार? सरांनी ओळ काढली. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी हा किस्सा थोरल्या भावाला सांगितला. तो तेव्हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. मला वाटलं होतं तोही हसेल. तो म्हणाला, “बरं केलंन म्हाताऱ्याने.”

पुढे दादाने स्वतःची बोट घेतली आणि तो तांडेल झाला. नऊ वर्षांपूर्वी, मोसम संपता संपता, तो निघाला. बरोबर चार खलाशी, दोन संगमेश्वराकडच्या खेड्यांतले आणि दोन नेपाळी. तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. बाकीच्या बोटी कुठल्या ना कुठल्या खाडीत शिरल्या. दादाची शिरली नाही. शोध झाला, पंचनामे झाले, सरकारी कागदांवर पाच नावं बेपत्ता म्हणून चढली. खलाशांच्या घरच्यांनी वर्षभरात काय ते विधी उरकले. आमच्या घरात वहिनीने काहीच केलं नाही. गळ्यातलं काढलं नाही, दिवस घातले नाहीत, सात वर्षं उलटल्यावर वकिलाने कोर्टातल्या अर्जाबद्दल विचारलं तर त्याला सरबत दिलं आणि वाटेला लावलं. ती सुकी मासळी निवडायच्या शेडमध्ये कामाला जाऊ लागली. दादाबद्दल बोलताना ती भूतकाळ वापरत नसे, आणि आम्हीही तिच्यासमोर वापरत नसू. पुढे पुढे तिच्यामागेही वापरेनासे झालो.

प्रोग्राममध्येही दादाची बोट ‘गेली’च राहिली. दुसरं करायचं काय? पर्यायच नव्हता. यादी बोटी निघाल्याच्या तारखेप्रमाणे छापली जायची, त्यामुळे सगळ्यांच्या आधी निघालेली बोट सगळ्यात वर. रोज संध्याकाळी, नऊ वर्षं, पहिली ओळ दादाची. जेटीवरची माणसं यादी दुसऱ्या ओळीपासून वाचायची. कंट्रोल रूममधून फोन आला, किती बाहेर आहेत, की आमचा माणूस बेचाळीस वाचून एक्केचाळीस सांगायचा. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. कामावर नवीन लागलेल्याला आठवडाभरात आपोआप कळायचं की एक वजा करायचा.

वहिनीला हे ठाऊक होतं. बाजारात जाताना ती फळ्यासमोरून जायची. थांबायची नाही, पण चाल जरा मंद व्हायची. मी खिडकीतून बघायचो.

आणि मग मशीन मरायला टेकलं. आमच्या खाऱ्या हवेत लोखंडाचं जे होतं तेच त्याचं झालं. पेटीचा तळ गंजून गळला होता, दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू आत जाऊन बसलं होतं, आणि सुरू करताना ते असा आवाज करी की अध्यक्ष खुर्ची मागे घेत. अध्यक्ष आता नवे होते. त्यांनी कधी जाळं ओढलेलं नव्हतं, पण ओढणाऱ्यांच्या सत्कारात ते असत. त्यांनी कुठल्याशा परिषदेत क्लाउड हा शब्द ऐकला आणि पुण्याहून एक सल्लागार बाई बोलावल्या.

बाई चाळिशीच्या, नीटस, कामाशी काम ठेवणाऱ्या. पहिल्या बैठकीत ढगांवरचा विनोद सगळ्या संचालकांनी एकेकदा करून घेतला. बाईंनी तो सहा वेळा प्रथमच ऐकल्यासारखा ऐकला, तेव्हाच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मग त्यांनी सांगितलं की क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी मशीन, जिथे वीज जात नाही आणि खारा वारा पोचत नाही. जुना प्रोग्राम तिथे न्यायचे सहा मार्ग होते. सहाही नावं इंग्रजी आणि एकाच अक्षराने सुरू होणारी, त्यामुळे ती शास्त्रीय असणार याबद्दल अध्यक्षांना शंका उरली नाही.

मी माझ्या वहीत ते घर बदलण्याच्या भाषेत लिहून घेतले. सामान आहे तसं टेम्पोत घालून नव्या जागेत लावायचं. किंवा नेता नेता टेबलाचा मोडका पाय सुताराकडून बसवून घ्यायचा. किंवा सगळं मोडीत काढून दुकानातून तयार आणायचं. किंवा नवं घडवून घ्यायचं. किंवा हलायचंच नाही. आणि सहावा, या वस्तूची कधी गरजच नव्हती हे ओळखून टाकून द्यायची. हा सहावा मार्ग कार्यालयातल्या बऱ्याच गोष्टींना, एकदोन संचालकांनाही, लागू पडेल असं मला वाटलं.

मी अकरा पानांचा अहवाल लिहिला आणि पहिला मार्ग सुचवला: आहे तसं उचलून न्यावं. कारणं भक्कम होती. माणसांना सवय आहे. ऐन मोसम चालू आहे. सरांनी दिलेल्या फ्लॉप्यांना बुरशी आलेली, सर वारलेले, त्यामुळे प्रोग्राम आतून उघडून दुरुस्त करणं शक्य नाही, पण चालतो तसा चालता ठेवता येईल. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. खरं कारण मात्र अकरा पानांत कुठेच नव्हतं. आहे तसं नेलं तर पहिली ओळही आहे तशी जाणार होती.

बाईंनी एक लांबलचक प्रश्नावली दिली होती. त्यात एक प्रश्न होता, जुन्या, बंद न झालेल्या नोंदी आहेत का? मी ‘नाही’ लिहिलं.

बाईंनी नंतर एकदा विचारलंही. “सर, यादीत बेचाळीस येतात आणि तुमची माणसं एक्केचाळीस सांगतात. हा एक कसला?”

“जुनी पद्धत आहे,” मी म्हणालो.

“कसली पद्धत?”

“इथली.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कोकणातला माणूस एका शब्दात उत्तर देतो तेव्हा पुढे विचारून उपयोग नसतो, हे पुण्याच्या माणसाला कळायला वेळ लागतो. त्यांना लवकर कळलं. तिथेच घात झाला.

नुसता प्रोग्राम हलवून अध्यक्षांचं भागणार नव्हतं. त्यात दिसण्यासारखं काही नव्हतं, आणि पाहुण्याला दाबायला कळ हवी होती. म्हणून ठरलं की जुन्या प्रोग्रामला बाहेरून एक छोटी जोड द्यायची: ज्या बोटीला निघून दहापेक्षा जास्त दिवस झालेत तिच्या घरच्या नंबरावर आपोआप मेसेज. मंडप, बॅनर, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांच्या बोटाखाली कळ. मेसेजचा मजकूर अर्थात मी लिहिला. हरवली, बुडाली, धोका असले शब्द टाळून तो घडवला आणि दोनदा वाचून मला बरा वाटला. ‘आपली नौका मुदतीत परतल्याची नोंद नाही. कृपया सोसायटीशी संपर्क साधावा.’

समारंभाच्या चार दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमारास, बाईंनी सगळं नव्या जागी चढवून चाचणी घेतली. मला विचारलं, “दहा दिवसांच्या वर कुणी बाहेर नाही ना आत्ता?” मी दुसऱ्या टेबलावर निमंत्रणपत्रिकेतली मान्यवरांची उतरंड लावत होतो. “कुणी नाही,” मी म्हणालो. एक वजा करायची सवय इतकी अंगात मुरली होती की त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच कुणी आठवलं नाही.

त्यांनी कळ दाबली. “एक मेसेज गेला,” त्या म्हणाल्या. “एक तरी कसा गेला?”

वीस मिनिटांनी वहिनी आली. शेडमधून तशीच आली होती, हाताला सुकटाचा वास, पदर खोचलेला, रिक्षावाल्याला थांबवून ठेवलेला. तिने खिडकीतून नाही, दारातून आत येऊन फोन माझ्यासमोर धरला.

“भावजी, हे वाचा. सोसायटीतनंच आलंय ना?”

मी वाचायचं नाटक केलं. मजकूर मला पाठ होता.

“संपर्क साधा म्हणतायत,” ती म्हणाली. “कोणाला दिसली काय? तिकडे गुजरातेत-बिजरातेत लागली काय? मी घरी फोन केला, सासूबाईंना म्हटलं, देव पाण्यात ठेवू नका अजून, आधी विचारून येते.”

तिचा चेहरा मी नऊ वर्षांत तसा बघितला नव्हता. नऊ वर्षं ती वाट बघते असं आम्ही समजत होतो. ती वाट बघण्याची सवय होती. वाट बघणं काय असतं ते त्या दुपारी तिच्या तोंडावर दिसलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे बघितलं, तारीख वाचली, आणि त्यांना त्या एकाचा हिशेब लागला. त्या उठल्या, स्वतःची खुर्ची वहिनीला दिली आणि म्हणाल्या, “ताई, बसा. कुणाला काही दिसलेलं नाही. मी मशीन तपासत होते. चूक माझी आहे.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“कोणाची का असेना,” वहिनी म्हणाली. “म्हणजे नाय दिसली.”

“नाही,” मी म्हणालो.

ती बसली. चहा आला, तो तिने प्यायला. ओतलेला टाकायचा नाही, ही तिची पद्धत. मग बाईंनाच विचारलं, “परत येईल काय हा मेसेज?”

“दर आठवड्याला येईल, नोंद उघडी असेपर्यंत.”

मी घाईघाईने म्हणालो, “ती एक ओळ वगळायला सांगता येईल. नाहीतर जुनं मशीन कोपऱ्यात राहू दे, त्यात फक्त तेवढंच राहील. नाहीतर,” आणि इथे मी आवाज खाली आणला, “आपण ‘आली’ लावून टाकू, वहिनी. नुसती नोंद. कुणी बघत नाही. मेसेज बंद होतील.”

तिने कप खाली ठेवला. “आली लिहिणार तुम्ही?”

“नोंदीपुरतं.”

“भावजी, आली लिहिलंत तर मी नऊ वर्षं काय करत होते?”

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. बाई खिडकीकडे बघत होत्या.

“आली नाय ती,” वहिनी म्हणाली. “तसं लिहायची सोय आहे काय तुमच्यात?”

“जुन्यात नाही,” बाई म्हणाल्या. “आहे तसंच उचलून नेलं तर कधीच होणार नाही. नवीन घेतलं तर त्यात असते.”

“मग नवीन घ्या. आणि ती सोय झाली की मला बोलवा. फोन करू नका, निरोप धाडा.”

रिक्षा थांबलीच होती. ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे जाऊन सांगितलं की माझा अहवाल चुकीचा होता. तयार प्रोग्राम घ्यावा, जो इतर बंदरांवर चालतो आणि ज्यात बोट परत न येण्याची जागा आहे. अध्यक्ष चिडले. पत्रिका छापून झाल्या होत्या.

“अकरा पानं लिहिलीत तुम्ही. त्यात हे कुठे होतं?”

“नव्हतं.”

“मग लोकांना सांगू काय मी?”

“तांत्रिक कारण सांगा,” मी म्हणालो. तेच इतिवृत्तात लिहिलं गेलं, माझ्याच अक्षरात. समारंभ दीड महिना पुढे गेला. पाहुणे बदलले, शाल तीच राहिली.

नवा प्रोग्राम बसल्यावर जुन्या नोंदी एकेक करून त्यात घालायच्या होत्या. मी वहिनीला निरोप धाडला. ती सकाळी अकराच्या सुमारास आली, धुतलेली साडी नेसून. कार्यालयात आम्ही दोघंच होतो. शेजारच्या कारखान्यात बर्फ फोडण्याचा आवाज चालू होता.

नव्या प्रोग्राममध्ये ‘परत आली नाही’ निवडलं की एक फॉर्म उघडतो, आणि त्यातला कुठलाही रकाना रिकामा ठेवता येत नाही. बोटीचा नंबर मी घातला. माणसं पाच. निघाल्याची तारीख जुन्या यादीत होती. शेवटचा संपर्क: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाने शेजारच्या बोटीला वायरलेसवर मासळीचा भाव विचारला होता, तो घातला. वहिनी माझ्या बाजूला बसून पडदा वाचत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचते, पण चुकत नाही.

“तांडेलास शेवटचे पाहणारी व्यक्ती,” तिने वाचलं. “हे तुमचं नाव घाला. टोकन द्यायला तुम्हीच होतात ना खिडकीवर. तुम्ही सांगितलंत मला तेव्हा, हसत होते म्हणून.”

सांगितलं होतं. शोध थांबला त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिने विचारलं होतं, कसे होते निघताना. मी म्हणालो होतो, हसत होता.

मी नावाची दोन अक्षरं टाइप केली आणि थांबलो. ‘आली’ लिहू न देणाऱ्या वहिनीच्या शेजारी बसून मी ते पुरं करू शकलो नाही.

“वहिनी, मी बघितलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“मी खिडकीवर होतो. पण पुस्तक वाचत होतो. हात पुढे आला, टोकन दिलं. ‘येतो रे’ म्हणाला. मी ‘हं’ म्हटलं. मान वर केली नाही.”

बर्फाचा आवाज चालूच होता. ती पडद्याकडेच बघत होती.

“मग हसत होते ते?”

“मला वाटलं, तुला बरं वाटेल.”

“वाटलं,” ती म्हणाली. “त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. डब्यावरून. काहीच नव्हतं मोठं, डब्यावरून. मी उठून आत गेले. तुम्ही म्हणालात हसत होते, तेव्हा म्हटलं, जेटीवर पोचेपर्यंत विसरले असतील.”

“विसरलाच असेल गं. दादाने कधी राग धरलाय कुणावर?”

“ते तुम्ही बघितलं नाय ना.”

माझी दोन अक्षरं रकान्यात तशीच होती.

“माझं नाव घाला,” ती म्हणाली. “मी बघितलं. आतून, खिडकीच्या फटीतनं. पाठमोरे.”

मी माझी दोन अक्षरं पुसली आणि तिचं पूर्ण नाव घातलं, दादाच्या नावासकट. तिने ते एकदा लावून वाचलं, मान हलवली. मी नोंद बंद केली. ती उठली तेव्हा तिला रिक्षापर्यंत सोडायला मीही उठलो, तर माझ्याकडे न बघता तिने हातानेच ‘बसा’ म्हटलं.